रोडग्यावाल्या मावशी

भावाचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून आमच्या ह्यांनी उचलला. दोनदा 'हूं हूं' केलं आणि फोन माझ्या कानाला धरून तसेच उभे राहिले. "अक्का," तिकडून भाऊ म्हणाला, "पुढच्या रविवारी हुरड्याला ये की शेतात. किती दिवस झाले तुला माहेराला येऊन."

आई गेल्यापासून त्या घरातून असा फोन आला नव्हता. दिवाळीला मीच करायची, राखी मीच पोस्टात टाकायची, आणि उत्तरादाखल व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं एक चित्र यायचं. बस्स. आमच्याकडं आई आहे तोवर बाईचं माहेर तिच्या हक्काचं. आई गेली की ते भावाच्या मर्जीवर येतं, आणि भावाची मर्जी भावजयीच्या. ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण नांदेडातल्या आमच्या गल्लीत प्रत्येकीला ती माहीत आहे. माझं माहेर औशाजवळ, लातूर जिल्ह्यात. ते हळूहळू माझ्या हातातून निसटत चाललं होतं आणि मला ते दिसत होतं. म्हणून तो 'ये की' ऐकला आणि कणकेचे हात तसेच पदराला पुसून मी फोन हातात घेतला.

"येते रे," मी म्हणाले. "येते की."

"आन् अक्का, रोडगे करशील ना? आईसारखे तुलाच जमत्यात. फकस्त गवऱ्यात नको. शेणातलं खायला आजकाल लोकं नाक मुरडत्यात. बार्बेक्यूची शेगडी हाय आपल्याकडं, तिच्या जाळीवर जमतंय का बघ."

"जमवते," मी म्हणाले. अहो, त्या क्षणी त्यानं मला तळहातावर भाजायला सांगितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "काहीतरी काम असंल."

"तुम्हाला माझ्या माहेरचं कधी बरं दिसलंय का?"

"दिसतंय की. पण त्यो बहिणीला बोलवून राहिला का रोडग्याला बोलवून राहिला, येवढं इचार."

"तोंड सांभाळा," मी म्हणाले, आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

ज्यांना रोडगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू जाडसर दळायचे, अगदी रवाळ. त्यात मीठ, ओवा, तेलाचं कडकडीत मोहन घालून कणीक घट्ट मळायची, इतकी घट्ट की मनगट बोलायला लागतं. मग लहान लहान पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, सगळ्या एका मोठ्या पोळीत गुंडाळून गोळा करायचा आणि तो गवऱ्यांच्या विस्तवात पुरायचा. विस्तव चारी बाजूंनी त्याला धरून बसतो. तासाभरानं बाहेर काढायचा, राख झटकायची, मुठीनं फोडायचा. पदर सुटतात, वाफ येते, वरून तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात, झाडाखाली, आयतं बसून खायचं. आमच्या घरी विस्तव बापाचा आणि कणीक आईची, अशी वाटणी होती.

आता हा रोडगा जाळीवर कसा भाजायचा? आमच्या गच्चीवर बार्बेक्यूची एक शेगडी होती. लेकानं पुण्याहून आणली, दोनदा पनीर भाजलं आणि पुण्याला परत गेला. ती झाडूनपुसून मी कोळसा पेटवला आणि रोडगे सरळ जाळीवर मांडले. झालं काय, बाहेरून काळेकुट्ट आणि आतून कच्चे. ह्यांनी एक फोडला, बघितला आणि म्हणाले, "वरून कोळसा, आतून भिजवलेली कणीक. मधला रोडगा कुटं गेला?"

"खायचं तर खा, नाहीतर उठा."

ते खात बसले, तो भाग वेगळा.

मी विचार केला. जाळीवर ऊब फक्त खालून येते आणि ती पण अंगावर धावून येते. गवऱ्यांचा विस्तव तसा नसतो, तो दमानं घेतो. म्हणजे जाळीवर मला विस्तवाला दम धरायला लावायचा होता. दुसऱ्या दिवशी मी कोळशावर राखेची साय धरेपर्यंत थांबले, मग निखारे शेगडीच्या कडेकडेला सारले, रोडगे मधोमध ठेवले आणि वर लोखंडी घमेलं पालथं घातलं. घमेल्याच्या पाठीवरही चार निखारे. ऊब कोंडली गेली. तरी खालून जाळीचे चटके बसतच होते. तेव्हा हे किनवटला नात्यातल्या लग्नाला गेले होते. मी फोन केला, "येताना पळसाची पानं आणा." चांगला मोठा भारा घेऊन आले, एस्टीत मांडीवर धरून. कंडक्टरशी भांडण झालं म्हणे. माझ्या माहेराला नावं ठेवणारा माणूस, पण पानं आणली हो. एकेक रोडगा मी पानात गुंडाळला, दोऱ्यानं बांधला, जाळीवर ठेवला, घमेलं घातलं. पान जळून काळं झालं आणि आतून रोडगा निघाला तो तांबूस, त्याच्या अंगावर पानाच्या शिरा उमटलेल्या. फोडला तर पदर सुटे. मी एकटीच गच्चीवर "अगं बाई, जमलं की!" म्हणून ओरडले. शेजारीण वाळत घातलेल्या कपड्यांतून डोकावून बघायला लागली.

ते आठ-दहा दिवस मी फार खूश होते. खोटं कशाला बोलू? भावाला फोन करून किनवटच्या पानांचं सांगितलं, भाच्यांसाठी डिंकाचे लाडू केले, भावजयीसाठी खण घेतला. रविवारी अंधार सरायच्या आत ठेवणीतलं इरकल नेसून लातूरच्या गाडीत बसले. मांडीवर पळसाच्या पानांचं गाठोडं, पिशवीत मळलेली कणीक ओल्या फडक्यात. लातूरला गाडी बदलली, औशाला उतरले. भाऊ घ्यायला येतो म्हणाला होता. तो आला नव्हता, जीप आली होती. ड्रायव्हरनं मला वरून खाली बघितलं.

"रोडग्यावाल्या मावशी तुम्हीच ना?"

"अक्का म्हण बाबा. मालकाची बहीण हाय मी."

तो हसला. मी गंमत केली असं वाटलं त्याला.

शेताच्या तोंडाशी कमान बघितली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भावानं शेतात पर्यटन केंद्र काढलंय. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: इथं येणारी प्रत्येक बाई आमची माहेरवाशीण. आत मोटारीच मोटारी. झापांच्या झोपड्या, झोके, रंग दिलेली बैलगाडी. माझी भावजय, जी लग्नात सुद्धा पाचवारी नेसली होती, ती नऊवारी आणि नथ घालून दारात उभी राहून लोकांना गूळ-पाणी देत होती. मला बघून म्हणाली, "आलात का वन्सं? ह्यांनी लई वाट बघितली." आणि पुढच्या मोटारीकडं वळली. गूळ-पाणी राहिलंच.

भाऊ डोक्याला फेटा, गळ्यात माईक अडकवून धावत आला. "आलीस का? बरं झालं बाई. उशीर झालाय बघ. शेगड्या तिकडं हायेत." बोट दाखवलं. बांधाजवळ शेगड्यांची रांग होती. एक नाही, रांग.

"एवढी कणीक कुटं हाय रे? मी घरच्यापुरती आणलीय."

"कणीक मळून तयार हाय. तू फक्त भाज."

खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात वाईट आलं नाही. म्हटलं, धंदा आहे त्याचा, लोकं आलीत, अडचणीत बहिणीनं हात नाही लावायचा तर कुणी? लोकं गेली की आपण घरचे बसू. मी पदर खोचला. एक शेगडी सुरू केली, मग दुसरी. घमेली मागवली. निखारे सारत, पानं बांधत, पालथी घमेली उचलत बसले. धुरानं डोळे चुरचुरत होते. पलीकडं आगटीत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, गवऱ्या पेटवून हुरडा भाजणं चाललं होतं आणि पाहुणे तो तळहातावर चोळून चोळून खात होते. मी भावाला हाक मारली. "का रे, हुरडा शेणाच्या विस्तवातला चालतोय ह्यांना, आन् रोडगा चालत न्हाई व्हय?"

"अगं, जाळीवर फोटो चांगला येतोय. गवऱ्यात काय दिसतंय, नुसता धूर."

घ्या! मी गच्चीवर आठवडाभर डोळे फोडले ते फोटोसाठी.

मग त्यानं माईक सुरू केला. "मंडळी, इकडं या, इकडं या! ह्या आपल्या रोडग्यावाल्या मावशी. थेट किनवटच्या जंगलातून आल्यात. पळसाच्या पानात रोडगा भाजायची त्यांची ही खास जंगली पद्धत बघा."

मी घमेलं हातात धरून तशीच राहिले. आजूबाजूला मोबाईल वर झाले. कुणीतरी म्हणालं, "मावशी, इकडं बघा." मी बघितलं. हसले सुद्धा. का हसले ते मला आजही कळत नाही. ज्या बांधावर मी बसले होते, तिथनं आमचं गाव दिसतं, ज्या घरात मी जन्मले त्याची पाण्याची टाकी दिसते. आणि माझा पाठचा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन ह्याच शेतात फिरले, तो लोकांना सांगत होता की मी जंगलातून आलेय.

लोक पांगल्यावर मी त्याला बाजूला ओढलं. "मावशी कुणाला म्हणलास तू?"

"हळू बोल की अक्का."

"मावशी कुणाला म्हणलास?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि माईक हातानं झाकला. "अगं, समजून घे. सख्खी बहीण हाय म्हणलो असतो तर लोकं काय म्हणली असती? माहेराला आलेल्या बहिणीला ह्यानं विस्तवाम्होरं बसवलंय. बरं दिसतंय का ते? बाहेर पाटी काय लावलीय मी?"

म्हणजे बघा. माहेरवाशिणीला काम लावू नये, हे त्याला माहीत होतं. त्याची लाजही वाटत होती. मग त्यानं काय केलं? मला कामावरनं उठवलं नाही, नात्यातनं उठवलं. ते त्याला सोपं वाटलं. आणि सांगताना चेहरा असा, जणू माझीच अब्रू राखलीय.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. निखाऱ्यांवर पाणी ओतून निघून जावंसं वाटलं. पण भांडायला पाठीशी कुणीतरी लागतं. आई असती तर मी तो माईक विहिरीत टाकला असता. आता भांडले तर पुढच्या वेळी 'ये की' म्हणायला त्या घरात कुणी उरणार नव्हतं. मी परत जाऊन बसले आणि घमेलं उचललं. रोडगे झाले होते. फार सुंदर झाले होते, मेले.

जेवणाच्या वेळी मी वाढायला उभी होते. एक बाई, माझ्याच वयाची, शहरातली, बोलायला गोड, मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला इतक्या लांबनं यावं लागतं. घर आठवत असेल ना?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "हेच माझं घर हाय बाई. हे माहेर हाय माझं. ह्या शेतात वाढले मी."

ती बाई भावाकडं बघायला लागली. मला वाटलं, आता त्याला बोलावंच लागेल. एक शब्द. फक्त 'व्हय, बहीण हाय माझी' एवढं.

त्यानं माईक तोंडाशी नेला. "ऐकलंत का मंडळी? हेच तर आपलं म्हणणं हाय! इथं जी आली ती आपली माहेरवाशीण. मावशींना सुद्धा हे माहेरच वाटतंय! टाळ्या होऊ द्या!"

आणि टाळ्या झाल्या. ती बाई सुद्धा वाजवत होती, डोळ्यांत पाणी आणून.

संध्याकाळी पाहुण्या निघाल्या तेव्हा भावजयीनं सगळ्यांना रांगेनं पाटावर बसवलं आणि त्यांच्या ओट्या भरल्या. तांदूळ, नारळ, खण. परक्या बायका, कुठल्या कुठल्या शहरांतल्या, पदर पसरून बसल्या होत्या आणि एकमेकींचे फोटो काढत होत्या. आमच्यात लेक माहेराहून रिकाम्या पदरानं निघत नाही. काही नसलं तर मूठभर गहू आणि हळकुंड तरी पदरात पडतं. मी शेगड्यांची राख काढून, हातपाय धुऊन, इरकलाच्या निऱ्या सारख्या करून मागं उभी राहिले. मला वाटलं, लोकं गेल्यावर बोलवतील. शेवटची मोटार गेली. भावजयीनं नथ काढली, नाक चोळलं आणि पाट उचलला.

माझ्याकडं बघून तिच्या लक्षात आलं असावं. "वन्सं, नारळ पाहुण्यापुरतेच आणले होते बघा. आन् तुमचं काय, तुम्ही घरच्याच की!"

आता घरची झाले. दुपारी मावशी होते, ओटीच्या वेळी घरची. तिच्यासाठी नेलेला खण पिशवीतच होता. काढून तिच्या हातात दिला. "अय्या, कशाला आणलात?" म्हणून तिनं तो घेतला, लाडूचा डबाही घेतला. भाऊ दमून बाजेवर पडला होता, पडल्या पडल्या हात हलवून म्हणाला, "जपून जा अक्का. फोन करतो."

जीपनं मला औशाच्या स्टँडवर सोडलं. नांदेडची गाडी लगेच नव्हती. मी बाजारात गेले. एका कापडाच्या दुकानात खण मागितला.

"कुणाला द्यायचा हाय?" दुकानदार म्हातारा होता, त्यानं खणांचा गठ्ठा पुढं केला.

"माहेराला आलेल्या लेकीची ओटी भरायची हाय."

"मग असला कशाला बघताय? हा घ्या चांगला." त्यानं हिरवा, जरीकाठाचा काढून दिला. किराणा दुकानातून तांदूळ घेतले, नारळ घेतला. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून ते सगळं मी स्वतःच स्वतःच्या पदरात बांधलं. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं बघितलं आणि आपली पिशवी सरकवून मला जागा केली. गाडीत मात्र मी रडले. अहमदपूर येईपर्यंत रडले, मग तोंड पुसलं, कारण घर जवळ यायला लागलं होतं.

हे स्टँडवर घ्यायला आले होते. घरी येऊन मी पदर सोडला, नारळ, खण आणि तांदूळ देवापुढं ठेवले. ह्यांनी खण उलटापालटा करून बघितला. "भारी दिलाय गड्या," म्हणाले. "मी उगाच बोललो त्या दिवशी. चुकलं माझं. भाऊ त्यो भाऊच."

"हाव," मी म्हणाले. "रोडगे सगळ्यांना आवडले."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तोवर ह्यांनी फोन लावला होता. स्पीकर सुरू करून बोलायची त्यांची सवय. मी धावत बाहेर आले, हातानं नको नको केलं, पण त्यांना वाटलं मी लाजतेय.

"आवो पाहुणं," हे मोठ्यांदा म्हणाले, "बहिणीची वटी लई झकास भरलीत बघा! खण तर येवढा भारी! येवढं कशाला करायचं?"

मी ह्यांच्या हातातल्या फोनकडं बघत उभी राहिले. भावाला ठाऊक होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. मी जीव मुठीत धरून थांबले, की आता तो म्हणेल, दाजी, आम्ही काही दिलं नाही हो. एवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याला सगळं माफ केलं असतं, देवाशप्पथ.

"आवो दाजी," तो हसत म्हणाला, "त्यात काय येवढं? सख्खी बहीण हाय ती माझी."